कॉफीला हात न लावणारा पाहुणा

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच बाबतीत घडलेली आहे. पटली तर वाचा, नाही पटली तर सोडून द्या. आजवर ज्यांना ज्यांना सांगितली त्यांनी "थकलीयेस गं, जरा रजा घे" एवढंच ऐकवलं. आता कुणाची समजूत काढायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

आणि आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपार होती. अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज नुकतीच झालेली, खिडकीतून ऊन थेट फरशीवर आलेलं. ऑलिव्ह तोडणीचे दिवस होते. गाव आमचंच, अम्मानजवळचं सल्त. गेल्या वर्षीची गोष्ट.

मी मैसून. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात मी परिचारिका आहे. नाव सांगत नाही, नोकरी अजून तिथेच आहे. माझ्याकडे पुरुषांचा विभाग असतो आणि तिथं माझं मुख्य काम एकच. कुणी पडता कामा नये.

ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा.

मुलं भेटायला येतात आणि बापासाठी गुळगुळीत तळाच्या सपाता आणतात. मी म्हणते, घसरतील हो. तर म्हणतात, "सिस्टर, चांगल्या महागाच्या आहेत!" जणू काही महाग सपाता घसरत नाहीत. कुणा दानशूर माणसानं बैठकीच्या खोलीला गालिचा दिला. त्याच्या कडा वर उचललेल्या, पाय अडकेल अशा. तो काढा म्हटलं की वरून उत्तर, "देणाऱ्याचं मन कसं मोडायचं?" म्हाताऱ्याचं हाड मोडलं तर चालतं, मन मोडायचं नाही!

माझी चिडचिड फक्त नोकरीची नव्हती.

माझे बाबा त्याच विभागात होते. अबू राकान, म्हणजे राकानचे वडील, असंच सगळे त्यांना म्हणतात. आधीच्या हिवाळ्यात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आत लोखंड घातलं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा पडले तर उठणार नाहीत. आई गेलेली. भाऊ राकान कुवेतला. बाबांना मी एकटी, आणि मला बाबा.

मी त्यांना पडू देणार नव्हते. बस.

त्या दुपारी पहिल्यांदा अबू शहादे पडले.

अबू शहादे म्हणजे जुने बस ड्रायव्हर. आयुष्यभर सल्त ते अम्मान. अजूनही वळण आलं की खुर्चीत डावीकडे झुकतात. बैठकीत सगळ्यांच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, दिवाणखान्यात असतात तशा. दारासमोरची मानाची जागा बाबांची. ती कुणी दिली नव्हती, बाबा आपणहून तिथं जाऊन बसले होते. आयुष्यभर लोक त्यांना मध्यस्थीला न्यायचे, भांडणं मिटवायला, सोयरीक जुळवायला. सवय जाते कुठे?

आमची मदतनीस सुहा कॉफीची किटली घेऊन आत येत होती. मी हाज्जी इद्रीस यांचे मोजे बदलत होते.

आणि अचानक सगळे गप्प झाले...

तुम्ही अशा विभागात कधी गेला नसाल तर यातलं विचित्रपण कळणार नाही. तिथं शांतता नसतेच. कुणी कुराण पुटपुटतो, कुणी मेलेल्या बायकोला हाका मारतो, कुणाची जपमाळ टकटकत असते. त्या क्षणी काहीच नव्हतं. जपमाळसुद्धा थांबली. खिडकीबाहेरच्या चिमण्याही.

अबू शहादे दाराकडे बघून हसले. उजवा हात छातीवर ठेवला आणि उठले.

धाडकन आवाज आला.

कपाळ फुटलं. मी धावले, कापूस दाबला, आणि माझा पाराच चढला. "काका, किती वेळा सांगितलं, मला हाक मारा म्हणून! एकट्यानं का उठलात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू बावळट मीच. "पाहुणा आला की, पोरी. बसून राहू? माझ्या आईबापानं मला काही शिकवलं नाही का?"

मी दाराकडे पाहिलं.

दारात कुणी नव्हतं.

पुढच्या दुपारी पुन्हा तेच. तीच वेळ, तीच शांतता. हाज्जी इद्रीस उठले, मनगट मोडून घेतलं. त्यानंतर रोजच कुणी ना कुणी. मी आणि सुहा झेलत होतो, धरत होतो, खाली बसवत होतो. बाबाही उठायचे. पण बाबा हसायचे नाहीत. छातीवर हातही ठेवायचे नाहीत. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना बसवायचे.

मी गालिचा स्वतः गुंडाळून काढला. देणाऱ्याचं मन गेलं खड्ड्यात. सपाता जप्त केल्या, रबरी ठिपक्यांचे मोजे घातले. फरशीला मेण लावणाऱ्या माणसाशी भांडले. खुर्च्यांची उंची बदलून घेतली.

काही उपयोग नाही. अहो, माणूस उठायचंच ठरवतो तिथं मोजे काय करणार?

आमचे संचालक डॉ. मुन्झिर. इस्त्री केलेला कोट, अत्तराचा वास, आणि म्हाताऱ्यांपासून चार हात लांब. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मैसूनबाई, हे चाललंय काय? नातेवाईकांचे फोन घेऊन कान किटले माझे."

"डॉक्टर, दुपारी एक माणूस जास्तीचा द्या. एवढंच मागते."

"माणूस नाही. पट्टे मागवलेत."

"कसले पट्टे?"

"खुर्चीला बांधायचे. बांधले की पडायचा प्रश्नच मिटला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बांधलेला माणूस उठायची धडपड करतो, डॉक्टर! खाली घसरतो, पट्टा गळ्याशी येतो. आणि न उठता महिना काढला तर पायातली ताकदच जाते. ही माणसं आहेत, मेंढ्या नाहीत!"

"मग पडू देऊ?" ते थंडपणे म्हणाले. "तुमचे वडील पडले की मलाच विचाराल."

मी बाहेर येऊन औषधांच्या खोलीत रडले. रागानंच रडले.

पट्टे यायला थोडा अवधी होता. मी स्टोअरमधून जुने सेन्सर शोधून काढले. खुर्चीच्या गादीवर ठेवायची एक चपटी पट्टी असते, तिला वायरीनं जोडलेली डबी. माणूस बसला की डबीवर हिरवा दिवा. माणूस उठला की लाल दिवा आणि घंटी. मी प्रत्येकाच्या खुर्चीत एकेक घातला. एक उरला, तो दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून दिला.

दुपारी सुहा कॉफी ओतत होती.

सगळे गप्प झाले...

मी आणि सुहा दोघीही सावध होतो. अबू शहादे उठू लागले, मी खांदे धरून बसवलं. बाबा उठू लागले, सुहानं धरलं. मी मान वळवली.

दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीवरचा दिवा हिरवा होता.

"सुहा, तू तिथं काही ठेवलंस?"

"नाही, सिस्टर."

खुर्चीवर काही नव्हतं. फक्त गादी मध्ये दबलेली होती.

बिघाड असेल. जुनाच माल, असं मी स्वतःला सांगितलं. एवढ्यात तो दिवा लाल झाला आणि घंटी वाजली. दबलेली गादी हळूहळू वर आली...

आणि खोलीतले सगळे म्हातारे एकदम उभे राहिले.

अगदी साहजिक होतं. पाहुणा जायला उठला की घरच्यांनीही उठायचं असतं. सगळ्या घंट्या एकाच वेळी कोकलायला लागल्या. मी बाबांना मिठी मारली आणि दोघंही भिंतीवर आदळलो, म्हणून वाचलो. हाज्जी इद्रीस पुन्हा पडले, त्याच मनगटावर.

मी दुसऱ्या दिवशी सेन्सर बदलला. तरी हिरवा. डबी बदलली. तरी हिरवा.

सुहाची पाचावर धारण बसली. "सिस्टर, मशिदीतल्या शेखना बोलावू या. काहीतरी पढतील."

भीती मलाही वाटली, नाही म्हणत नाही. पण खरं सांगू का, भीतीपेक्षा मला संताप आला. आमच्याकडे पाहुणा आला आणि म्हातारी माणसं उठू लागली की तो दारातूनच ओरडतो, बसा, बसा, अल्लाशपथ उठू नका! शेंबडं पोरसुद्धा म्हणतं. हा कोण एवढा मोठा लागून गेला, जो रोज येतो आणि मोडक्या हाडांच्या माणसांना उठून उभं राहायला लावतो?

ठीक आहे, म्हटलं. पाहुणाच आहेस ना? मग तुझं स्वागत मी करते.

पुढच्या दुपारी शांतता झाली तशी मी दारात जाऊन उभी राहिले. मोठ्यानं म्हणाले, "या, या. घर तुमचंच आहे. बसा. कुणी उठायचं नाही, पाहुणे घरचेच आहेत!"

माझ्या उजव्या बाजूनं काहीतरी गेलं. वारा म्हणावा तर ऊब होती... ओल्या लोकरीचा वास आला.

हिरवा दिवा लागला.

आणि कुणी उठलं नाही. पहिल्यांदाच. अबू शहादे समाधानानं मान डोलावत बसून राहिले. फक्त बाबा दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळून होते. मी फिंजानात, म्हणजे आमच्या कान नसलेल्या इवल्या कपात, घोटभर कडू कॉफी ओतली आणि त्या खुर्चीपुढच्या तिवईवर ठेवली. जमलं, मला वाटलं. एवढं सोपं होतं!

पण कुणीच आपली कॉफी पीत नव्हतं. सगळे त्या एका कपाकडे बघत होते.

"काय झालं, काका?" मी अबू शहादेंना विचारलं.

"हात नाही लावला त्यानं," ते कुजबुजले. "मागणं घेऊन आलाय."

आमच्याकडे रीत आहे. मागणं घेऊन आलेला माणूस कॉफी समोर ठेवतो आणि पीत नाही. घरधनी जोवर म्हणत नाही, कॉफी घ्या, तुमचं काम झालं, तोवर तो कप तसाच. आणि घरधन्यानं एकदा तसं म्हटलं की शब्द गेला. तो परत घेता येत नाही.

"कसलं मागणं, काका?"

"पोरी, कप खाली ठेवतात ते काय साखर मागायला? खून माफ करून घ्यायला ठेवतात. नाहीतर मुलगी मागायला." मग डोळे मिचकावून म्हणाले, "खून तर आमच्यातल्या कुणी केला नाही. मी एकदा एका बकरीवर बस घातली, तेवढंच."

मी हसले. हसायला नको होतं.

कारण दिवा लाल झाला, घंटी वाजली आणि सगळे उठले. तो रिकाम्या हातानं परत चालला होता. कप भरलेला, गार. बाबा तर ताठ उभे. मी कंबरेला धरून ठेवलं होतं तरी दाराकडे बघत उभेच राहिले, बराच वेळ.

मग रोज हेच. तो येताना मी सावरून घ्यायचे. जाताना सगळं मुसळ केरात. सुहा एक हात, मी एक हात, आणि सहा म्हातारे. किती दिवस पुरणार होतो?

मग एका दुपारी डॉ. मुन्झिर स्वतः पट्टे घेऊन आले. आमच्या नशिबानं नेमके त्याच वेळी. हिरवा दिवा लागलेला होता, कप तिवईवर होता.

"तुमच्या वडिलांपासून सुरुवात करू," ते म्हणाले. "म्हणजे बाकीच्यांचे नातेवाईक तोंड उघडणार नाहीत."

"डॉक्टर, आत्ता नको. थोडा वेळ थांबा."

"का? कुणाची वाट बघताय?"

"तो दिवा बघा. त्या खुर्चीवरचा."

त्यांनी बघितलं. "बिघडलाय," म्हणाले, आणि बाबांच्या पोटावरून पट्टा घातला.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझा झटकला. बाबा ओरडले नाहीत, पण पट्ट्यात धडपडायला लागले, पाय फरशीवर रोवून. एक टोक अडकलेलं, दुसरं लोंबत होतं. खुर्ची त्यांच्यासकट पुढे कलली.

आणि दाराजवळच्या गादीतून हवा भरल्याचा आवाज आला...

तो उठत होता.

आता दिवा लाल होणार, सगळे उभे राहणार, आणि बाबा अर्धवट बांधलेल्या खुर्चीसकट तोंडावर आपटणार. मला समोर दिसत होतं. इतक्या दिवसांचा थकवा, पट्टे, ते अत्तर, सगळं एकदम माझ्या डोक्यात गेलं. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे वळले आणि किंचाळले, "बसा! कॉफी घ्या एकदाची! ज्या कामाला आलात ते झालं समजा! दिलं!"

"नको!"

बाबा होते ते. त्यांनी माझं मनगट पकडलं होतं. "मैसून, नको!"

वर्ष झालं होतं त्यांनी माझं नाव घेऊन.

घंटी वाजली नाही. गादी पुन्हा खाली दबली. तिवईवरचा फिंजान... बोटांत धरून हलवतात ना, बास, आता नको म्हणताना, तसा दोनदा डावी-उजवीकडे हलला.

मग दिवा विझला. लाल न होताच विझला.

कुणी उठलं नाही. चिमण्यांचा आवाज परत आला. जपमाळ टकटकू लागली.

"बघितलंत?" डॉ. मुन्झिर कोट झटकत म्हणाले. "पट्ट्याचं नुसतं नाव काढलं तरी शांत बसतात."

मी तिवईजवळ गेले. फिंजान रिकामा होता. तळाशी फक्त गाळ, अजून ओला. सुहानं तो बघितला आणि ती किटली तिथंच ठेवून बाहेर निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वयंपाकघरात काम मागून घेतलं.

त्यानंतर आमच्याकडे कुणीही पडलेलं नाही.

पट्टे पुन्हा खोक्यात गेले. अम्मानहून माणसं बघायला येतात, तुमच्याकडे पडणं कसं थांबलं म्हणून. डॉ. मुन्झिर त्यांना रबरी ठिपक्यांचे मोजे दाखवतात आणि स्वतःच्या नियोजनावर भाषण ठोकतात. मी मागे उभी राहून दात आवळते. मला आनंद व्हायला हवा होता. मी जे मागत होते तेच तर मिळालं होतं.

एकदा मी बाबांची दाढी करत होते. फेस पुसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते, पूर्वीसारखे.

"का बोललीस तू?"

"बाबा, तुम्ही पडला असता."

"पडलो असतो," ते म्हणाले. "मेलो असतो. माझं मरण ते. रोज उठून त्याला काय सांगत होतो मी? परत जा म्हणून सांगत होतो. पाहुण्याला नकार द्यायचा तर उभं राहून द्यावा लागतो, मुली. बसून देत नाहीत."

मी हातातला टॉवेल खाली ठेवला.

"बाबा... काय मागत होता तो?"

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "घर विकलं. बाग विकली. तुझा भाऊ परदेशी," ते हळूच म्हणाले. "अबू राकानच्या घरात मागण्यासारखं आता उरलंय काय?"

"बाबा, स्पष्ट सांगा ना!"

त्यांच्या डोळ्यांतला उजेड गेला. मला विचारायला लागले, "तुझी आई भाकरी घेऊन अजून कशी नाही आली?" मी खूप विचारलं, हलवलं, रागावलेसुद्धा. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी मला ओळखलेलं नाही.

मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे. लग्न केलं नाही, कधी करायचं मनात आलं नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही ठेवायची इच्छा नाही.

पण माझी एक लहान गाडी आहे. संध्याकाळी काम संपलं की मी एकटी घरी जाते. मी "दिलं" म्हटलं त्या दिवसापासून गाडी सुरू केली की टुण, टुण, टुण आवाज येतो. शेजारच्या सीटवर माणूस बसलाय आणि त्यानं बेल्ट लावलेला नाही, म्हणून.

मेकॅनिकला दाखवली. त्यानं वायर बदलली, मग अख्खी सीट बदलली. "ताई, यात काहीच दोष नाही," म्हणाला, आणि माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिला. गाडीत ओल्या लोकरीचा वास येतो का, हे त्याला विचारायचं मला धाडस झालं नाही.

पूर्ण रस्ताभर तो आवाज ऐकवत नाही. डोकं उठतं.

म्हणून आता मी हात लांब करते आणि रिकाम्या सीटचा बेल्ट ओढून लावते. ओढताना तो मध्येच कशावरून तरी अडल्यासारखा होतो... मग बसतो. आवाज थांबतो, आणि आम्ही घरी जातो.